चित्रांच्या गोष्टी, वाचकांचे प्रश्न : आजीला पैठणी नेसवायची की हातात छत्री द्यायची?

मागच्या अंकात या पानावर जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराचं १८९७ सालचं एक पोर्ट्रेट छापलं होतं, श्री. आणि सौ. आय. एन. फेल्प्स स्टोक्स यांचं, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज येतील असं मला खरंच वाटलं नव्हतं, अजूनही येऊनच राहिलेत. ज्यांच्याकडे तो अंक नाही त्यांच्यासाठी आधी चित्र सांगते. न्यूयॉर्कच्या अतिश्रीमंत घराण्यातली एडिथ मिंटर्न स्टोक्स, तेव्हा तिशीची, ती समोर उभी आहे. पांढरा, कडक स्टार्च केलेला पायघोळ स्कर्ट, वर गडद जॅकेट, आत पांढरा शर्ट आणि गळ्याशी छोटा काळा बो, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात गवती हॅट, गाल लालसर झालेले, जणू आत्ताच रस्त्यावरून चालत आली आणि दार उघडून आत उभी राहिली. तिच्या मागे सावलीत हाताची घडी घालून तिचा नवरा न्यूटन. बस, एवढंच चित्र आहे. सगळ्या पत्रांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून काही निवडली आहेत, आणि आजीचं चित्र कसं काढायचं यावरून घरात वाद झालेल्या, नागपूरच्या महाल भागातून आलेल्या एका पत्राला जरा जास्त जागा दिली आहे, कारण ते वाचून मी दोन दिवस त्याचाच विचार करत होते.

गोकुळपेठेतून एक ताई लिहितात : "मॅडम, तुम्ही म्हणता की ही बाई खूप श्रीमंत घरची. मग गळ्यात काहीच नाही, कानात पण नाही, कपडे तर एखाद्या शाळेतल्या टीचरसारखे. श्रीमंतांची चित्रं मी म्युझियममध्ये पाहिली आहेत, तिथे बायका मोत्यांनी लगडलेल्या असतात. हिच्या बाबतीतच असं का?"

ताई, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलं. खरं तर चित्र सुरू झालं तेव्हा बेत तोच होता, साटीनचा उंची गाऊन घालून एडिथ बसलेली असावी असा. पण एक दिवस ती रस्त्यावरून चालत तशीच स्टुडिओत शिरली, फिरायच्या कपड्यांत, उन्हातून आल्यामुळे गाल तापलेले, आणि सार्जंटने तिला पाहिलं आणि ठरवलं की आता हेच रंगवायचं, असंच. आधी झालेलं काम बाजूला ठेवलं. हे सगळं लंडनला झालं. न्यूटन तेव्हा पॅरिसला आर्किटेक्चर शिकत होता त्यामुळे दोघं युरोपातच राहत होते, १८९५ ला लग्न झालेलं आणि हे चित्र म्हणजे एका मित्राने दिलेलं लग्नाचं प्रेझेंट होतं.

घरची श्रीमंती केवढी, तर तिचे आजोबा जहाजांच्या कंपनीचे मालक. त्या कंपनीचं 'फ्लाइंग क्लाउड' नावाचं शिडाचं जहाज १८५१ मध्ये अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा घालून न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला ८९ दिवसांत पोचलं होतं, त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. म्हणजे पैसा जुना, घराण्याचं नाव जुनं. मला वाटतं म्हणूनच ती अशी उभी राहू शकली. आपल्याकडे पण पाहा ना, लग्नात सगळ्यात कमी दागिने घालून कोण येतं, जिला कुणाला काही दाखवायचं राहिलेलं नसतं ती. तिचा साधेपणा खोटा आहे असं मी म्हणत नाही, मला तर तो फार आवडतो, पण तो परवडायला लागतो हेही लक्षात ठेवूया. आणि तो पांढरा स्कर्ट पाहा, लांबलचक, एकही डाग नाही, त्याला स्टार्च कुणीतरी केला असेल आणि इस्त्री कुणीतरी फिरवली असेल. ती व्यक्ती चित्रात नाही, पण तिच्या हातचं काम चित्रात अर्ध्या कॅनव्हासवर पसरलेलं आहे.

मानेवाड्यातून एक वाचक : "आमच्या मिसेसने तो अंक फ्रिजवर लावून ठेवला आहे आणि रोज मला म्हणते की नवरा कसा उभा राहतो ते पाहा. मला विचारायचं आहे की त्या बिचाऱ्याला इतकं अंधारात का ठेवलं, चित्राच्या नावात तर त्याचं नाव पहिलं आहे."

भाऊ, तो तिथे असणारच नव्हता. सार्जंटच्या डोक्यात होतं की तिच्या बाजूला एक मोठा ग्रेट डेन कुत्रा उभा करायचा, तिचा हात त्याच्या डोक्यावर. पण कुत्रा मिळाला नाही, आणि तेव्हा न्यूटनने स्वतःच सुचवलं की त्याच्या जागी मी उभा राहतो. ही हकिकत त्याने स्वतःच पुढे आठवणींत लिहून ठेवली आहे, म्हणजे त्याला त्याचं काही वाईट वाटलेलं नव्हतं. आता चित्र परत पाहा, कुत्र्याच्या डोक्यावर जाणारा हात रिकामा राहिला म्हणून त्या हातात हॅट आली आणि हॅटच्या मागे नवरा. त्याचा चेहरा सार्जंटने मुद्दाम मऊ, धूसर रंगवला आहे, कडा विरघळलेल्या, म्हणजे आपली नजर तिथे थांबत नाही, परत तिच्याकडे येते.

पण हा माणूस काही साधा नव्हता. न्यूयॉर्कमध्ये गरीब कामगार ज्या चाळींमध्ये कोंबलेले राहत त्यांच्यासाठी १९०१ साली नवा कायदा आला, प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी पाहिजे, प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा संडास पाहिजे, मधलं अंगण मोठं पाहिजे, त्या कायद्याच्या घडणीत न्यूटनचा हात होता. पुढे त्याने मॅनहॅटनच्या जुन्या नकाशांचा आणि चित्रांचा सहा खंडांचा प्रचंड ग्रंथ काढला, १९१५ ते १९२८ इतकी वर्षं. म्हणजे ज्याला पुढे यायचं असतं तर येता आलं असतं असा माणूस बायकोच्या मागे उभा आहे, आणि ते त्यानेच सुचवलेलं आहे. तुमच्या मिसेसने अंक फ्रिजवर लावला ते योग्यच केलं.

उत्तर नागपुरातून, एम.ए. करणारी एक मुलगी : "तुम्ही तिला समाजसुधारक लिहिलं आहे. मला राग आला, सॉरी, पण आला. मोठ्या घरच्या बाईने चार चांगली कामं केली की ती सुधारक आणि तिचं सात फुटी चित्र म्युझियममध्ये. आमच्या वस्तीतल्या बायकांनी शाळा काढल्या, मोर्चे काढले, त्यांचे धड फोटो पण नाहीत. चित्रात तिची समाजसेवा कुठे दिसते ते पण सांगा."

बेटा, सॉरी कशाला, या पत्रासाठी तर मी तुझे आभार मानते.

आधी तिने काय केलं ते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा जगभरातून गरीब माणसं येऊन पडत होती, आईबाप कारखान्यात आणि लहान पोरं रस्त्यावर. त्या पोरांसाठी फुकट बालवाड्या चालवणारी न्यूयॉर्क किंडरगार्टन असोसिएशन नावाची संस्था होती, तिचं अध्यक्षपद एडिथने सांभाळलं. हे तिच्या घरातच होतं. तिची मावशी जोसेफिन शॉ लोवेल ही १८७६ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या धर्मादाय मंडळावर नेमली गेलेली पहिली बाई, दुकानात बारा बारा तास उभं राहणाऱ्या मुलींसाठी लढलेली. तिचा मामा रॉबर्ट गूल्ड शॉ हा अमेरिकेच्या यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचा गोरा कर्नल, १८६३ मध्ये आपल्या सैनिकांबरोबर मारला गेला. आणि योगायोग असा की ज्या वर्षी भाचीचं हे चित्र झालं त्याच १८९७ च्या मे महिन्यात बोस्टनला त्या मामाच्या आणि त्याच्या सैनिकांच्या स्मारकाचं अनावरण झालं. तेव्हा सुधारणा हा तिच्यासाठी वेळ घालवायचा छंद होता असं मला वाटत नाही.

बालवाडी हा शब्द ऐकून हलकं समजू नकोस. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेत गेल्या आणि तिथे राहून मुद्दाम हीच किंडरगार्टनची पद्धत शिकल्या, कारण विधवा मुलींना शिक्षिका म्हणून पायावर उभं करायचं तर हे शास्त्र आलं पाहिजे हे त्यांना कळलं होतं. परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, त्याला पैसा उभा करणाऱ्यांत अमेरिकेतल्या अशाच मोठ्या घरच्या बायका होत्या.

आता तुझा खरा प्रश्न. चित्रात तिची समाजसेवा कुठे दिसते, तर कुठेच दिसत नाही. हातात पुस्तक नाही, मागे पोरं नाहीत, खिडकीतून चाळ दिसत नाही. दिसतो तो फक्त एक आत्मविश्वास, बाहेर जाऊन आलेल्या बाईचा, जिला रस्त्यावर एकटं चालायची सवय आहे. चित्र तेवढंच सांगू शकतं आणि त्याच्यावरून तिला सुधारक म्हणून मोकळं होणं ही माझी घाई झाली, मागच्या अंकातच मी तिच्या कामाबद्दल लिहायला पाहिजे होतं.

आणि ज्यांची चित्रं काढली गेली नाहीत त्यांच्याबद्दल. जाईबाई चौधरी तुला माहीतच असतील पण सगळ्या वाचकांना माहीत असतील असं नाही म्हणून लिहिते. १८९२ चा जन्म, उमरेडचा. लहानपणी डोक्यावर ओझी वाहून हमाली केली, एका मिशनरी बाईने वाचायला शिकवलं, शिक्षिकेची नोकरी लागली तर जात कळल्यावर पालकांनी आपली पोरं शाळेतून काढली आणि ती नोकरी सुटली. म्हणून त्यांनी १९२२ मध्ये नागपुरात स्वतःच मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. एडिथने आणि जाईबाईंनी जवळपास एकाच काळात काम केलं, एकीला घरून सगळं मिळालं होतं आणि दुसरीला घराबाहेर पडल्या पडल्या ओझं मिळालं. आणि २० जुलै १९४२ ला याच नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः हजर, हजारोंनी बाया आल्या होत्या, पोरं कडेवर घेऊन. त्या गर्दीतल्या एकेका चेहऱ्यासमोर सार्जंटसारखा चित्रकार उभा राहिला असता तर काय चित्रं झाली असती याचा मी खूप वेळा विचार केला आहे. तू एम.ए. करते आहेस, वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडे जा, मोबाईलने का होईना त्यांचे फोटो काढ, पण पासपोर्टसारखे नको, त्या कामाला जाताना जशा चालतात तसे काढ. आणि त्यातला एखादा या पानासाठी पाठव, मी मनापासून वाट पाहते.

चित्रकलेचा एक विद्यार्थी, प्रतापनगर : "मॅम मी या चित्राची कॉपी करायला घेतली आहे, स्कर्टवर अडकलो. ट्यूबमधला पांढरा लावला तर खडूसारखा दिसतो, काळा मिसळला तर मळका."

काळा बंद कर आधी. चित्र मोबाईलवर मोठं करून पाहा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या वेबसाईटवर मोठा फोटो फुकट उतरवून घेता येतो, आणि डोळे बारीक कर. त्या स्कर्टमध्ये शुद्ध पांढरा फार थोड्या जागी आहे, जिथे घडीवर थेट उजेड पडतो तिथेच, बाकी सगळं राखाडी, निळसर, थोडं पिवळट. सार्जंटचे पॅरिसचे गुरू कॅरोलस-ड्युराँ शिकवायचे की आधी मधला टोन शोधा, त्याच्यावरून सावलीकडे जा आणि मग उजेडाकडे, पेन्सिलने बारीक आखून मग रंग भरायचा हा प्रकार नाही. म्हणजे तू सुरुवातच पांढऱ्यापासून करतोस तिथे घोळ होतो. सावलीत रंग पातळ, उजेडात जाड. आणि सार्जंट कॅनव्हास मॉडेलच्या शेजारी ठेवून मागे मागे जायचा, लांबून बघायचा, मग पुढे येऊन एक फटकारा मारायचा. तुझी खोली लहान असेल तर दार उघडं ठेवून गॅलरीपर्यंत जा पण जवळ बसून रंगवू नकोस. तो लेडचा पांढरा वापरायचा, ते विषारी आहे, तुला टायटॅनियम व्हाइट पुरेसा. स्कर्ट एका बैठकीत ओला असतानाच कर, आपल्या नागपूरच्या मे महिन्यात रंग लवकर ओढतो तेव्हा पहाटे बस.

खामल्यातून : "मूळ चित्र कुठे आहे आणि केवढं आहे?" न्यूयॉर्कच्या त्याच मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. एडिथ १९३७ मध्ये गेली, तिच्या मृत्युपत्राप्रमाणे १९३८ मध्ये ते म्युझियमला मिळालं. २१४ सेंटिमीटर उंच, १०१ रुंद, म्हणजे आपल्या फ्लॅटच्या दाराएवढं. म्हणूनच ती दारातून आत आल्यासारखी वाटते.

आणि आता महालातलं पत्र, एका सुनेचं : "मॅडम, आमच्या आजेसासूबाईंची डिसेंबरमध्ये जन्मशताब्दी आहे. मालगुजार घराणं, त्या काळी घरी माणसांना काही कमी नव्हतं. पण आजींनी वाड्याच्या ओसरीवर बालवाडी सुरू केली, सगळ्या जातीची पोरं, घरात त्यावरून खूप बोलणं खाल्लं. सकाळी स्वतः छत्री घेऊन गल्लीगल्लीत जायच्या आणि पोरं गोळा करून आणायच्या, पाऊस असो की ऊन. बत्तीस वर्षं. आता घरातल्या सगळ्यांनी मिळून त्यांचं ऑइल पेंटिंग करायचं ठरवलं आहे. मोठे काका म्हणतात पैठणी, नथ, तोडे, लग्नातल्या फोटोसारखं, घराण्याला शोभेल असं, आणि मागे बालवाडीची पोरं पण दाखवा म्हणजे लोकांना कळेल. आत्याबाई म्हणतात आई अशी कधी दिसतच नव्हती, साधं नऊवारी आणि हातात छत्री. दोघं आता एकमेकांशी बोलत नाहीत. तुमच्या अंकातलं चित्र आत्याबाईंनी काकांना दाखवलं तर काका म्हणाले, ती इंग्रजीण आहे, तिचं वेगळं. चित्रकार विचारून राहिला, काय सांगू?"

ताई, मी तुमच्या काकांच्या बाजूने आधी बोलते, कारण त्यांचं म्हणणं उगीच नाही. माणूस गेल्यावर आपल्याला त्याला मोठं करायचं असतं, त्याच्या अंगावर चांगलं काहीतरी घालायचं असतं. त्यातही ज्या बाईने घरात बोलणी खाल्ली तिला आता घराण्याच्या दागिन्यांत बसवावं असं तिच्याच मुलाला वाटतं, यात प्रेम आहे आणि थोडी भरपाईसुद्धा आहे. हे आत्याबाईंना जरूर सांगा.

काकांना मात्र एक गोष्ट सांगा. या एडिथचं असंच भव्य रूप आधी एकदा घडवलं गेलं होतं. १८९३ ला शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्याच्याच जोडीने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले आणि त्याच प्रदर्शनात राजा रविवर्म्याची दहा चित्रं गेली होती, बायकांचीच, त्यांना बक्षिसं मिळाली. तिथल्या तलावात डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराने प्रजासत्ताकाची देवी उभी केली होती, ६५ फूट उंच, आणि त्या देवीसाठी मॉडेल होती एडिथ. लाखो लोकांनी तो पुतळा पाहिला. पण त्या पुतळ्यात तिला कोण ओळखणार, तिथे ती देवी झाली होती. चार वर्षांनी सार्जंटने तिला सात फुटांत रंगवलं, धुळीच्या रस्त्यावरून आलेली, हॅट काढून हातात धरलेली, आणि तिच्या माणसांना जी एडिथ माहीत होती ती या चित्रात आहे.

काकांना आईचा पुतळा पाहिजे आहे आणि आत्याबाईंना आई पाहिजे आहे. मी आत्याबाईंच्या बाजूची आहे, स्पष्टच सांगते. लग्नाचा फोटो तुमच्याकडे आहेच, त्याची चांगली कॉपी करून वेगळी फ्रेम लावा, काकांच्या हाताने लावा. चित्रात मात्र आजी घराबाहेर पडलेल्या असू द्या, कारण त्यांनी जे केलं ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून केलं. आणि ती इंग्रजीण आहे म्हणून वेगळं, असं म्हणायचं तर (ती अमेरिकन, पण असो) आपल्याकडे ताराबाई मोडक होत्याच ना, बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी पोरांच्या अंगणापर्यंत बालवाडी नेली, पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा पोरांकडे जाईल म्हणून. त्यांचा जन्मही १८९२ चाच, जाईबाईंच्याच वर्षीचा. तुमच्या आजी छत्री घेऊन ज्या गल्ल्यांमधून फिरत होत्या ती वाट आपल्याच बायकांनी पाडलेली आहे.

मागे पोरं घालायची का, तर नको. पोरांची गर्दी आली की चित्राचं पोस्टर होतं आणि आजी मधोमध उभ्या केल्यासारख्या दिसतात. वरच्या पत्रात त्या मुलीला मी तेच लिहिलं आहे, काम चित्रात मावत नाही. ते सांगायला चित्राखाली पितळी पट्टी लावा, आजींचं पूर्ण नाव, जन्माचं साल, बालवाडी कधीपासून कधीपर्यंत, एवढंच. आणि कार्यक्रमाच्या दिवशी एक वही ठेवा, जे जे त्या ओसरीवर शिकले त्यांनी नाव आणि एकेक आठवण लिहायची. त्यातले किती तरी आता साठीच्या पुढे असतील, त्यांना लवकर शोधा.

आता चित्रकाराला काय सांगायचं ते नीट सांगते कारण इथेच बहुतेक वेळा चित्र बिघडतं. लग्नातल्या फोटोतला चेहरा सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा असणार, स्टुडिओवाल्याने रिटचिंग करून गुळगुळीत केलेला, तो पन्नाशीच्या अंगावर बसवू देऊ नका. बालवाडीच्या दिवसांतले जितके फोटो मिळतील तितके द्या, ग्रुपमधले, धूसर, अर्धे कापलेले, सगळे चालतील, एकाच फोटोवरून केलेलं चित्र त्या फोटोची कॉपी होतं. हिरोच्या पोस्टरसारखा दोन्ही बाजूंनी उजेड नको, एका बाजूने पाहिजे. साडीच्या घड्यांसाठी आत्याबाईंनाच आजींचं नऊवारी नेसवून सकाळी आठच्या सुमाराला त्याच ओसरीवर उभं करा आणि चित्रकाराला तिथे बोलवा, आजींची ठेवण त्यांच्यात असेल, उभं राहायची लकब तर नक्की असेल. लेकीने आईची साडी नेसून आईच्या जागी उभं राहायचं, आणि त्या वेळी काकांना तिथे हजर ठेवा, मला वाटतं अबोला तिथेच सुटेल.

मागची भिंत साधी, वाड्याच्या जुन्या चुन्याच्या रंगाची. पूर्ण उभं चित्र जमत असेल तर पावलांपर्यंत करा, बजेट नसेल तर गुडघ्यापर्यंत, पण छत्री धरलेला हात कापला जाता कामा नये. छत्री उघडी नको, मिटलेली, पोरांना गोळा करून आणल्यावर जशी धरतात तशी. डिसेंबरचा कार्यक्रम आहे तर काम आत्ताच सुरू करायला सांगा. ऑइल वरून सुकलेलं दिसलं तरी आतून वेळ घेतं, त्यामुळे शेवटचं वार्निश सहा महिने ते वर्षभराने मारायचं असतं, कार्यक्रमाआधी चकाकी पाहिजे म्हणून घाई करू नका. आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कूलर. उन्हाळ्यात चित्रासमोर कूलर चालला की ओलसर हवेने कॅनव्हास सैल पडतो, मागून बुरशी धरते, तेव्हा ज्या खोलीत कूलर आहे तिथे ते लावूच नका, आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवण्याऐवजी मागे बोटभर जागा सोडा.

ती खरी छत्री घरात आहे का अजून? काळी, लाकडी मुठीची असेल तर माळ्यावर कुठेतरी नक्की पडली असेल, गंजलेली असली तरी काढा आणि आहे तशीच चित्रकाराला द्या, नवीन कापड लावून देऊ नका. आणि त्यांच्या चपला ठेवल्या असतील तर त्यासुद्धा.